अजून दहाच मिनिटे!

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन खलबते एकदम सुरू होतात. एक स्वयंपाकघरात, चकलीची भाजणी कोणत्या गिरणीतून दळून आणावी याचे. आणि दुसरे बाहेरच्या खोलीत, सुटीचे चार दिवस जायचे कुठे याचे. पहिल्या खलबतात मला मत नाही. दुसऱ्यात आहे, पण ते कोणी विचारीत नाही. पिशव्या उचलण्याचा मान मात्र दरवर्षी बिनविरोध माझ्याकडेच येतो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच.

यंदा कन्येने ‘धबधबा’ एवढा एकच शब्द उच्चारला. सौ.नी माझ्याकडे पाहिले, चिरंजिवांनी सौ.कडे पाहिले, आणि तिघेही खो खो हसली. मी वर्तमानपत्र उंच धरले. पण वर्तमानपत्र कितीही उंच धरले तरी कान उघडेच राहतात. “बाबा, अजून दहाच मिनिटे!” असे चिरंजीव म्हणाले, आणि हसण्याची दुसरी फेरी झाली.

या ‘दहा मिनिटां’ची हकीकत सांगायचे मी आजवर टाळले. सदर लिहिणाऱ्याने आपली फजिती सांगू नये असे नाही. फजितीवर तर आमचे अर्धे सदर चालते. पण या फजितीत नुसते हसण्यासारखे नाही, म्हणून ती राहून गेली. आज दिवाळीच्या निमित्ताने सांगून टाकतो.

गोष्ट २०१७ सालच्या ऑक्टोबरातली. त्या वर्षी दिवाळी लवकर आली होती. फोंड्याला आमची थोरली बहीण दिली आहे. भाऊबिजेला आम्ही सहकुटुंब तिच्याकडे गेलो. भाऊ ओवाळणी घालायला जातो आणि चार दिवस जेवून ती वसूल करून येतो, असा आमच्याकडे प्रघात आहे. चिरंजीव तेव्हा चौदा वर्षांचे होते, कन्या नऊ वर्षांची.

पहिल्याच सकाळी मी ताईच्या स्वयंपाकघरात पाण्याचा पेला तोंडाला लावला, तोच भावोजींनी विचारले, “कुठलं पाणी पिताय, ठाऊक आहे?”

“नळाचं,” मी म्हणालो.

“नळाचं खरं. पण नळात कुठून आलं?”

भावोजी निवृत्त मास्तर. त्यांच्या प्रश्नाला ‘ठाऊक नाही’ म्हटले की धडा मिळतो, आणि ‘ठाऊक आहे’ म्हटले की परीक्षा होते. मी धडा पत्करला. तो असा : सह्याद्रीच्या माथ्यावरून दूधसागरचा धबधबा कोसळतो. त्याचे पाणी दूधसागर नदीच्या नावाने रानातून वाहत येते आणि खाली खांडेपारची नदी होते. त्या नदीकाठी ओपा येथे पाणी शुद्ध करण्याचा कारखाना आहे. तिथून ते फोंड्याला आणि पणजीला नळाने जाते. उरलेले मांडवीला मिळते आणि समुद्राला जाते. “तेव्हा,” भावोजी म्हणाले, “तुम्हाला दूधसागर पाहायचाय म्हणता, पण थोडासा तर तुम्ही आत्ताच प्यायलात.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तो पाहायला निघालो. फोंड्याहून बेळगावच्या रस्त्याने मोले, आणि मोल्याहून कुळे. हा सगळा मुलूख भगवान महावीर अभयारण्याचा. अभयारण्य आणि त्याच्या पोटातले मोल्याचे राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर रान आहे. त्यातला १०७ चौरस किलोमीटरांचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. कुळ्याहून रानातून जीप जाते. वाट दहा-बारा किलोमीटरांची, पण तिला रस्ता म्हणणे म्हणजे रस्त्यांचा अपमान आहे. मध्ये ओढे लागतात, आणि जीप त्यांतून म्हशीसारखी जाते. सौ.नी एका हाताने जीपचा दांडा आणि दुसऱ्या हाताने माझे मनगट धरले होते. दांडा थोडा वाकला असावा. मनगटाचे मी सांगत नाही.

शेवटचा तुकडा पायी आहे. दगडाधोंड्यांतून चालत आपण एका वळणावर येतो, आणि मान आपोआप वर जाते. जातच राहते. दूधसागराची उंची सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून अधिक. एवढ्या उंचीवरून पाणी चार टप्प्यांनी उतरते. पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की पाण्याचा रंगच उरत नाही. दूध म्हणावे तर दूध, पिंजलेला कापूस म्हणावे तर कापूस. मध्यावर त्याच्या अंगाला चिकटून आगगाडीचा पूल आहे. आमच्या नशिबाने गाडीही आली. एवढी मोठी गाडी, पण धबधब्यापुढे ती भिंतीवरून जाणाऱ्या मुंग्यांच्या रांगेएवढी दिसली. मुलांनी हात हलवले. गाडीतल्या लोकांनीही हलवले असतील.

या लोहमार्गाची कथा भावोजींनी तिथेच उभ्या उभ्या सांगितली. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, आणि दहा वर्षांनी, १८८८ साली, मुरगावच्या बंदरापासून निघालेला मार्ग घाट चढून कॅसलरॉकपर्यंत पोचला. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचा घाट सव्वीस किलोमीटरांचा. चढ असा की दर सदतीस फुटांना एक फूट वर. आगगाडीच्या दृष्टीने ही भिंतच. म्हणून गाडीला जादा एंजिने लावावी लागतात. रूळ आधी अरुंद होते; १९९० नंतरच्या दशकात ते रुंद झाले.

मग ताईने मुलांना दुधाची गोष्ट सांगितली. वर रानात एक राजकन्या तळ्यात स्नान करी आणि सोन्याच्या घड्यातून साखर घातलेले दूध पिई. एकदा झाडांआडून एक राजपुत्र पाहत उभा असलेला दिसला. दासींनी लगबगीने दुधाचा घडा तिच्यापुढे ओतला, आणि दुधाच्या धारेआड तिची लाज राखली. तीच धार अजून वाहते आहे. कन्येने गोष्ट ऐकून घेतली आणि विचारले, “एवढं दूध सांडलं, तर तिची आई रागावली नाही?”

त्या दिवशी तिथे माणसांचीही धार लागली होती. माकडे लोकांच्या पिशव्यांची झडती घेत होती, आणि लोक धबधब्याकडे पाठ करून आपलेच फोटो काढीत होते. परतताना जीपमध्ये मी म्हणालो, “जीपने येऊन पाहिलेला धबधबा म्हणजे आयते वाढलेले ताट. खरा धबधबा पायी चालून, घाम गाळून पाहावा. कॉलेजात असताना आम्ही—”

वाक्य पुरे करायची गरज नव्हती. कॉलेजात असताना मी चढलेल्या डोंगरांची यादी घरातल्यांना पाठ आहे. दरवर्षी त्यात एखादा डोंगर वाढतो, असेही त्यांचे म्हणणे आहे. पण भावोजींनी ते मनावर घेतले. दोन दिवसांनी त्यांनी तांबडी सुर्लाच्या धबधब्याचा बेत ठरवला. वनखात्याची परवानगी काढली, आणि त्याच बाजूच्या गावचा एक वाटाड्या बरोबर घेतला. माणूस पन्नाशीचा, सडपातळ, कमरेला कोयता. तो फारसा बोलत नसे. मला वाटले, माहिती कमी असेल.

तांबडी सुर्लाला महादेवाचे देऊळ आहे. कदंब राजांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले; गोव्यात उभ्या असलेल्या देवळांत सर्वांत जुने म्हणून ते प्रसिद्ध आहे. काळ्या दगडाचे, बेताच्या उंचीचे, रानाच्या कुशीत बसवल्यासारखे. हा दगड आसपासचा नव्हे, घाटावरून आणला असे सांगतात. देवळाला लागूनच नदी वाहते. देवाला हात जोडून आम्ही रानात शिरलो.

वाचकहो, त्या रानाचे वर्णन मला साधायचे नाही. माट्टी, म्हणजे आपला ऐन, किंदळ, नाणा, जांभा अशी उंचच उंच झाडे. त्यांच्यावर चढलेल्या मनगटाएवढ्या वेली. आणि खाली पावसाने भिजलेल्या पाल्याचा जाड गालिचा. पाऊल टाकले की पाला दबे आणि त्यातून पाणी पाझरे. चिरंजिवांनी शेकरू पाहिले. मोठी तांबूस खार, शेपटी अंगाहून लांब. ओढ्याच्या बाजूने कोणीतरी शीळ घालीत होते. एखादा रिकामटेकडा मुलगा घालतो तशी, सूर लावून आणि मध्येच विसरून. वाटाड्या म्हणाला, तो पक्षी आहे. शीळकरी कस्तुर. सौ.ना तो पक्षी नसून जळवा दिसल्या. एक माझ्या पिंढरीवर होती. मिठाची पुरचुंडी भावोजींनी आणली होती, म्हणून निभावले.

वाट ओढ्याला पुन:पुन्हा ओलांडून जाते. पहिल्या वेळी पाणी घोट्याएवढे होते. स्वच्छ इतके, की तळचे गोटे मोजावेत. ऊन पडले होते. तिसऱ्या उताराशी एक मोठा सपाट खडक होता. त्यावर बसून आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. कन्येने त्या खडकाला ‘माझं पाटलं’ असे नाव देऊन टाकले. तिथून धबधब्याचा आवाज ऐकू येऊ लागला होता. आधी वारा वाटावा असा, मग नक्की पाण्याचा.

आम्ही चौथ्यांदा ओढा ओलांडायला निघालो, आणि वाटाड्या थांबला. थांबला म्हणजे पाय पाण्यात न घालता उभा राहिला. पाण्याकडे पाहिले. मग वर पाहिले. वर आम्हाला निळे आकाश दिसत होते. मात्र घाटमाथ्याच्या बाजूने ढगांचा एक गडगडाट झाला होता, तो मीही ऐकला होता. परतीच्या पावसात दुपारी असे व्हायचेच.

“उदक वाडटा,” तो म्हणाला. “आतां फाटीं वचूंया.”

पाणी वाढते आहे, मागे फिरू या. मी पाण्याकडे पाहिले. मला ते मघाचेच वाटले. त्याने बोटाने दाखवले : पाण्यावरून सुकी पाने आणि काटक्या वाहत येत होत्या. मघाशी येत नव्हत्या. तळचे गोटे दिसत होते, पण धूसर. कोणी पाण्यात चमचाभर माती कालवावी तसे.

आणि इथे, वाचकहो, मी ते वाक्य बोललो.

“अहो, आवाज येतोय ना! अजून दहाच मिनिटे. पाहू आणि लगेच फिरू.”

वाटाड्या गप्प. भावोजी म्हणाले, “तो म्हणतो तर फिरू या.” मी म्हणालो, “इतक्या लांबून आलो, पोरांना घेऊन. आणि आता दारातून परत?” सौ. म्हणाल्या, “अहो, धबधबा कुठे पळून जातोय?” यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण आवाज चढला होता, आणि चिरंजीव माझ्याकडे पाहत होते. चौदा वर्षांचा मुलगा बापाकडे एका विशिष्ट नजरेने पाहतो. तो आपली बाजू घेत नसतो, दुसऱ्याचीही घेत नसतो. तो नोंद करीत असतो.

वाटाड्याने वाद घातला नाही. त्याने कन्येला उचलून खांद्यावर घेतले आणि तो परत चालू लागला. मुलगी ज्याच्या खांद्यावर, त्याच्यामागे आई जाणार. आईमागे ताई, ताईमागे भावोजी. मी आणि चिरंजीव उरलो. “चला बाबा,” तो म्हणाला. मी गेलो. राजीखुशीने गेलो असे मी म्हणणार नाही.

‘पाटल्या’शी आलो. ज्या उतारावर घोटे भिजले होते, तिथे आता गुडघे भिजले. पाणी चहासारखे झाले होते. अंतर पंधरा पावलांचे. पण मधल्या पाच पावलांत माझा उजवा पाय मी ठेवीन तिथे राहीना. पाणी त्याला उचलून पलीकडे ठेवी. वाटाड्याने कोयत्याने एक लांब काठी तोडली होती. ती आम्ही सर्वांनी आडवी धरली, प्रवाहाकडे तोंड केले, आणि एकेक पाऊल सरकवत पार झालो. कोणी बोलले नाही. सौ.ची एक चप्पल गेली. ती दिसली, मग दिसली नाही. एवढ्या वेळात ती किती लांब गेली ते आम्ही सर्वांनी पाहिले.

पलीकडच्या उंचवट्यावर जाऊन मागे वळून पाहिले. तोवर वीस मिनिटेही झाली नसतील. कन्या म्हणाली, “माझं पाटलं कुठंय?”

खडक नव्हता. तो होता तिथे पाण्याचा एक तांबडा फुगवटा तेवढा उसळत होता. आम्ही उभे होतो तिथे तोपर्यंत पावसाचा एक थेंब पडला नव्हता.

ही झाली हकीकत. नंतर घरी येऊन मी जे वाचले, विचारले, ते थोडक्यात सांगतो. कारण फजितीतून शहाणपण निघाले नाही तर ती नुसतीच फजिती.

पहिली गोष्ट : धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाचा पाऊस त्याच्या डोक्यावर पडत नाही. तो वर, सहा-सातशे मीटर उंच, घाटमाथ्यावर पडतो. ओढा म्हणजे नरसाळ्याची नळी. नरसाळ्याचे तोंड कित्येक चौरस किलोमीटरांचे असते, आणि आपण नळीत उभे असतो. त्यामुळे खाली लख्ख ऊन असताना पूर येऊ शकतो.

दुसरी गोष्ट : पाणी दिसते त्याहून फार जड असते. एक मीटर लांब, तेवढेच रुंद आणि तेवढेच उंच पाणी एक हजार किलोंचे भरते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेगाने वाहणारे वीतभरापेक्षाही कमी पाणी मोठ्या माणसाचे पाय काढून घेते. ‘गुडघ्याएवढंच तर आहे’ हे वाक्य घरच्या हौदाला लागू पडते, ओढ्याला नाही.

तिसरी गोष्ट : धबधब्याखालचे पांढरेशुभ्र पाणी पोहणाऱ्याला धरत नाही. त्यात हवेचे बुडबुडे असतात, म्हणून ते हलके असते. आणि हलक्या पाण्यात माणूस जड होतो. शिवाय वरून पडणारी धार खाली दाबते आणि पाणी तिथल्या तिथे घुसळत राहते. पट्टीचे पोहणारे जातात ते इथे. भोवतीच्या खडकांवर शेवाळ असते ते निराळेच.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी वाटाड्याचे मी आज जाहीर आभार मानतो : पाणी आगाऊ सूचना देते. ते गढूळ होते. पाने, काटक्या वाहून आणते. त्याचा आवाज बदलतो. मघाशी उघडा असलेला दगड ओला होतो. या चारांपैकी एक जरी दिसले तरी बोलत बसू नये. ओढ्यातून बाहेर निघून उंच जागी जावे, आणि पार जाता येत नसेल तर पाणी उतरेपर्यंत तिथेच बसून राहावे. उशीर झाला तर घरचे रागावतात, एवढेच.

आता कोणी म्हणेल, की एवढे भय असेल तर जावेच कशाला? याचेही उत्तर त्याच रानात मिळाले, पण पुढच्या वर्षी.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. तीच परवानगी, तोच वाटाड्या. ‘पाटलं’ जागेवर होते. कन्येने त्यावर बसून पाहिले आणि ते आखूड झाल्याची तक्रार केली. ओढा घोट्याखाली होता. चौथा उतार ओलांडला, पाचवा ओलांडला, आणि झाडी उघडली. काळ्या कड्यावरून धबधबा येत होता. दूधसागरापुढे तो लहान. पण तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हते. उन्हाची तिरीप पाण्यावर आली की तुषारांत इंद्रधनुष्य उमटे, ढग आला की पुसले जाई. तासभर आम्ही बसलो. सौ.नी चहाचा थर्मास उघडला. कोणी फारसे बोलले नाही. आमच्या घराच्या इतिहासात असा तास दुसरा नसेल.

वाटाड्याला मी विचारले, पाऊस जाऊन दोन महिने झाले, तरी हे पाणी येते कुठून? त्याने उत्तर दिले नाही. वाकून पाल्याची एक मूठ उचलली आणि पिळली. डिसेंबरातही बोटांतून पाणी निथळले.

तेव्हा भावोजींचा धडा पुरा झाला. घाटाच्या या उतारावर वर्षाला दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. रान नसते तर तो चार महिन्यांतच समुद्राला गेला असता. जूनमध्ये पूर आणि दिवाळीत कोरडे गोटे. रान ते पाणी पाल्यात, मुळांत, मातीत धरून ठेवते आणि थेंबाथेंबाने सोडते. धबधबा म्हणजे रानाने केलेली बचत. आपण नुसता खर्च पाहायला जातो आणि टाळ्या वाजवतो. ताईच्या नळाला येणारे पाणी या बचतीतलेच. म्हणूनच, २०२० साली या रानातून रुंद रस्ता, विजेची मोठी तार आणि रुळांची दुसरी जोडी न्यायचे ठरले, तेव्हा गोव्यातली तरुण मुले ‘मोले वाचवा’ म्हणून उभी राहिली. रुळांची बाब सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. ताई त्या दिवशी फोनवर म्हणाली, “आमच्या नळाचा निकाल लागला.”

दुसरे निकाल मात्र ऐकवत नाहीत. जुलै २०२३ मध्ये गोव्यातच मैनापीच्या धबधब्यात दोघे बुडाले, आणि सरकारला अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी करावी लागली. त्याच महिन्यात दूधसागरला रुळांवरून चालत निघालेल्या शेकडो हौशी मंडळींना पोलिसांनी अडवले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला, भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात, एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत लहान मुले होती. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर ती सर्व एकमेकांना धरून उभी होती, आणि पाणी वाढत होते. ते चित्र मी एकदाच पाहिले. त्या रात्री मला झोप आली नाही. आमचाही खडक होता. त्यावर आमचीही दशमी झाली होती. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एका अबोल माणसाचा. शहाणपणाचा फरक मुळीच नव्हता, कारण शहाणपण माझ्याकडे होते तेवढे मी दाखवून झालो होतो.

असो. आता शेवटची गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात चिरंजीव मित्रांबरोबर माळशेजच्या बाजूला गेले. आता ते नोकरी करतात, सांगून जातात. विचारून जायचे दिवस गेले. सकाळपासून पाऊस होता. घरात आम्ही दोघे एकमेकांना ‘काही होत नाही’ असे दर अर्ध्या तासाने सांगत होतो. दुपारी दोनला फोन वाजला.

“बाबा, आम्ही परत निघालोय.”

“का रे? पाहून झाला?”

“नाही. पाणी गढूळ झालं. दोघं-तिघं म्हणत होते, अजून दहाच मिनिटे.” तो थोडा थांबला. “मी त्यांना आपल्या पाटल्याची गोष्ट सांगितली.”

फोन ठेवला. सौ.नी विचारले, “काय म्हणतो?” मी म्हणालो, “धबधबा दिसला नाही म्हणतो.” त्यांनी देवापुढे दिवा लावला. दुपारी दोन वाजता आमच्याकडे दिवा लावायची पद्धत नाही. पण मी काही बोललो नाही.

तेव्हा वाचकहो, फराळाचा डबा भरून तुम्हीही जरूर निघा. धबधब्यांना दिवाळीपासून पुढचे दिवसच चांगले : पाऊस ओसरलेला असतो, रानाची बचत भरलेली असते, आणि वाटाही उघडू लागतात. मात्र नियम दरवर्षी बदलतात. निघण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करा. रुळांवरून चालू नका. परवानगी काढा, गावचा माणूस बरोबर घ्या, आणि त्याला पैसे देता तसा मानही द्या. सकाळी लवकर निघून दुपारच्या आत परता. पायांत घट्ट बसणारे बूट घाला. चपलेचे काय होते ते वर सांगितलेच आहे. मिठाची पुरचुंडी विसरू नका. खाल्लेल्याचा कागद खिशात घालून परत आणा. आणि कोणी मुकाट्याने पाण्याकडे पाहत उभा राहिला, तर त्याला घाई करू नका.

यंदा आमचा बेत ठरला आहे. भाऊबीज फोंड्याला, आणि मग पुन्हा तांबडी सुर्ला. कन्येला ‘पाटलं’ पाहायचे आहे. धबधबा दिसला तर उत्तम. नाही दिसला, तर ताईच्या घरी नळ आहेच.